बरा आहेस ना?

इंग्लंडातल्या ग्रिम्झबी बंदरातल्या आमच्या घोड्यांच्या बेटिंगच्या दुकानाचा परवाना एका वहीवर टिकून आहे. गिऱ्हाईक फार हरायला लागलं की "बरा आहेस ना?" असं विचारायचं आणि उत्तर वहीत लिहायचं. म्हातारा सिरिल दर वेळी म्हणायचा, "मी बराय गं बाई, घोडेच आजारी आहेत." मी 'बरा आहे' लिहायचे आणि त्याची पुढची पैज घ्यायचे.

सोमवारी सिरिलने गोदीत जीव दिला. परवाना खात्याच्या साहेबाने येऊन वही चाळली.

"चौदा वेळा विचारलंत. नियम पाळलात, दुकानाचा काही दोष नाही."

मला हुंदका आवरेना.

"तुम्ही बऱ्या आहात ना?" त्याने विचारलं.

"बरी आहे," माझ्या तोंडून निघालं.

मेल्या साहेबाने ते लगेच वहीत लिहून घेतलं.