पाचवी प्रत

मारुती भोईटे ठाण्याच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली टाइपरायटर घेऊन बसायचा. खरेदीखत, संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र, मृत्युपत्र, माणसाने माणसाला जे काही लिहून द्यावं ते सगळं एकवीस वर्षं त्याच्या बोटांखालून गेलं होतं. बायकोला मात्र त्याने आजवर साधी चिठ्ठी लिहिली नव्हती. लिहायला हवी होती, हेसुद्धा कधी डोक्यात आलं नव्हतं. ते आणलं 'ध्रुवयान'ने.

'ध्रुवयान' ही टीव्हीवरची रविवार सकाळची मालिका. कप्तान विराज आणि डॉक्टर अवनी वर्षभर एका यानातून फिरले, उल्कांना चुकवलं, परग्रहावरच्या लोकांची आजारपणं काढली. आणि एकोणनव्वदच्या मार्चमध्ये शेवटच्या भागात हा बाबा तिला तळावर उभी करून, तोंडातून चकार शब्द न काढता, दूरच्या ताऱ्याकडे निघून गेला. डोंबिवलीतल्या त्यांच्या चाळीत त्या दिवशी कुणाचा वरण-भात वेळेवर झाला नाही.

विमलने पदराने डोळे टिपले. "मेल्याने तोंडात मिठाची गुळणी धरलेली काय? एक शब्द बोलला असता तर यान पडलं असतं?" मग तिची नजर नवऱ्यावर गेली. "सगळे एकाच माळेचे मणी."

ते मारुतीला लागलं. चांगलंच लागलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने मशीनला कागद चढवला आणि कप्तान विराजला परत आणलं.

सवयीने त्याने चार कार्बन लावले, म्हणून मूळ धरून पाच प्रती निघाल्या. त्या त्याने प्रभाकरला दिल्या. प्रभाकर घरपोच वाचनालय चालवायचा. खांद्याला पिशवी अडकवून जिने चढायचा आणि मासिकं बदलून द्यायचा. त्याने प्रत्येक प्रतीला मागे दोन कोरी पानं टाचली, वर 'वाचकांचे अभिप्राय' असं लिहिलं आणि मासिकांच्या गठ्ठ्यातून त्या पाच घरांत सरकवल्या. लेखक कोण, हे मरेपर्यंत सांगणार नाही अशी त्याने शपथ घेतली. पाचवी, सगळ्यात फिकट प्रत त्याने विमलला दिली. मूळ प्रत द्यायला हवी होती हे मारुतीला फार उशिरा सुचलं.

आठवड्याने अभिप्राय आले. तळमजल्यावरच्या गंगुबाईंनी विचारलं होतं, "यानात स्वयंपाक कोण करतं? उपाशीपोटी प्रेम होत नाही." निवृत्त विज्ञानशिक्षक दाजींनी लाल शाईने लिहिलं होतं, "अंतराळात अश्रू गालावरून ओघळत नाहीत. तसेच डॉक्टरीणबाई अंतराळपोशाखात असता रागाने पदर कसा खोचतात? पदर आला कुठून?" कॉलेजात जाणाऱ्या जयाने फक्त एवढंच लिहिलं होतं, "चुंबन कधी???" तीन प्रश्नचिन्हं, आणि खाली गुलाबाचं चित्र.

आणि पाचव्या प्रतीवर, "एक वाचक, दुसरा मजला" अशी सही करून विमलने लिहिलं होतं, "प्रत फिकट, नायक त्याहून फिकट. हा अवनीशी बोलतो की तिला नोटीस बजावतो? लेखकाने घरी बायकोला कधी 'जेवलीस का' असं विचारलेलं दिसत नाही."

त्या संध्याकाळी मारुतीने घसा खाकरून विचारलं, "जेवलीस का?"

विमलने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. "अहो, बरं वाटत नाहीये का? संध्याकाळचे सात वाजलेत, भाकऱ्या तव्यावर आहेत."

पण मारुती हटला नाही. पुढच्या भागात कप्तानाने अवनीला विचारलं, "जेवलीस का?" विमलने त्यावर लिहिलं, "आता कुठे माणसात आला." हा कागद मारुतीने घडी घालून खिशात ठेवला आणि दिवसातून चारदा वाचला. त्या दिवशी त्याच्याकडे आलेल्या एका पक्षकाराच्या भाडेकरारात त्याने स्पेलिंगची एकही चूक केली नाही आणि वर चहाही पाजला.

असे आठ भाग झाले. वाचक दाद देत होते, टोमणे मारत होते, आणि मारुती त्यांच्या हुकमाप्रमाणे घरी सुधारत होता. अभिप्रायात आलं की तो मोगऱ्याचा गजरा आणायचा. गजरा आणला की विमल म्हणायची, "कुणाच्या लग्नाला जायचंय?" पण माळायची.

एक गोष्ट राहिली होती. कप्तानाने मनातलं बोलायचं. मारुतीला जे विमलला सांगायचं होतं, ते कप्तानाच्या तोंडून एकदा जमलं, तिने एकदा 'छान' म्हटलं, की तो भरून पावणार होता. आणि तिने नाक मुरडलं तर मग बोलण्यासारखं त्याच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

शेवटचा भाग त्याने ज्या दिवशी लिहिला, त्या दिवशी अकरा दस्त टाइप करून बोटं बधिर झाली होती. संध्याकाळी प्रभाकर डोक्यावर येऊन उभा राहिला. "भोईटे, आटपा. लोक माझा जीव खाताहेत." मारुतीने डोळे मिटल्यासारखं भराभर टाइप केलं, न वाचता कागद काढले आणि त्याच्या हातात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना त्याचा हात थांबला. आदल्या संध्याकाळी कप्तानाच्या बोलण्यानंतर आपण कागद लगेच काढला नव्हता. खाली अजून चार-पाच ओळी टाइप केल्या होत्या. कसल्या?

तो तसाच साबण लावलेल्या तोंडाने प्रभाकरकडे धावला. प्रभाकर म्हणाला, "रात्रीच वाटल्या सगळ्या. तुमच्या घरीपण दिली. का हो?"

मारुतीने कपाळावर हात मारून घेतला. प्रत्येक दस्ताखाली असतात त्याच ओळी बोटांनी आपणहून टाइप केल्या होत्या. लिहून देणार. लिहून घेणार. साक्षीदार एक, साक्षीदार दोन. आणि सगळ्यात खाली, एकवीस वर्षांच्या नेमाप्रमाणे, "टंकलेखक: मा. रा. भोईटे, ठाणे कोर्ट."

चाळीत तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. जिना चढताना गंगुबाई दारातून म्हणाल्या, "या कप्तान!" दाजींनी चष्म्यावरून बघत म्हटलं, "पदराचं कोडं सुटलं हो आमचं." वरच्या गॅलरीतून जया इतकी खिदळली की मारुतीच्या तोंडावरचा साबण वाळून गेला तरी त्याला कळलं नाही.

घरात विमल नव्हती. ती पाणी भरायला गेली होती. टेबलावर पाचवी प्रत उघडी पडली होती. मारुतीने भीत भीत आपलंच लिखाण वाचलं.

"मी कप्तान विराज, राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून देतो की माझ्या हृदयाची चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस तू, पश्चिमेस तू, दक्षिणेस तू, उत्तरेस तू. सदर मिळकतीवर अन्य कोणाचाही हक्क, हितसंबंध अथवा बोजा नाही. इतकी वर्षे बोललो नाही, ही चूक माझी."

खाली साक्षीदारांच्या जागी दोन सह्या होत्या. गंगुबाईंची वाकडी, आणि दाजींची लाल शाईतली. म्हणजे हा कागद सकाळपासून अख्ख्या जिन्यावरून फिरून आला होता.

'लिहून घेणार' पुढे ठसठशीत अक्षरात सही होती: विमल मारुती भोईटे.

पाठीमागे घागर ठेवल्याचा आवाज झाला. मारुती वळला. त्याला बोलायचं होतं, पण गुळणी काही सुटेना.

"राहू दे," विमल पदर खोचत म्हणाली. "पहिल्या भागातच कळलेलं मला. अंतराळात पदर खोचणारी बाई तुम्ही दुसरी कुठे बघितलीय?"

"मग बोलली का नाहीस?"

"मग तुम्ही लिहायचे थांबला असतात." तिने पाचवी प्रत उचलून त्याच्या हातात दिली. डोळे भरले होते, पण आवाज ठणठणीत होता. "ही फिकट प्रत प्रभाकरभाऊंना परत करा. आणि येताना मूळ प्रत घेऊन या. ती लिहून घेणाऱ्याकडे राहते ना?"

मारुतीने मान हलवली आणि तसाच, अर्ध्या दाढीने, जिना उतरायला लागला.