पोटात कापूस असलेली घंटी

मी एक जुनी पितळी घंटी आहे. पूजेची नाही बरं का मित्रांनो, दवाखान्याची. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात ओमती मोहल्ल्याजवळच्या एका कासाराने मला ओतलं, आणि सदर बाजारात अॅक्युपंक्चरचा दवाखाना काढणाऱ्या डॉक्टर शैलेंद्रांनी मला विकत घेतलं. माझं काम सोपं होतं. अंगात सुया लावल्या की पेशंटने वीस मिनिटं हलायचं नसतं, डॉक्टर शेजारच्या खोलीत जातात. तेव्हा काही वाटलंच तर वाजवायला मी पेशंटच्या हातात असायची. घाबरलेल्या माणसांचे किती ओले तळवे मी पाहिले म्हणून सांगू! "बड़ी मीठी आवाज़ है," असं सगळे म्हणायचे, आणि मी फुगायची.

मग भिंतीवर विजेचं बटण आलं आणि माझी रवानगी फळीवर झाली. फळी पुसताना मी किणकिणायची. ते कंपाउंडर केतनभैयाला खपेना. त्याने माझ्या पोटात कापूस कोंबला आणि माझी बोलती बंद केली. राग आला, पण सांगणार कोणाला?

मागच्या महिन्यात एका दुपारी लाइट गेली. त्याच वेळी फळीखालच्या बाकावर सुहासिनीबाई येऊन बसल्या. चार महिन्यांपासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. स्वतःचा अंबाडासुद्धा सून राजश्रीकडून घालून घ्यावा लागे, आणि ते त्यांच्या मनाला फार लागायचं. सुयांची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

"आई, दोन बिस्किटं तरी खाऊन घ्या. काहून उपाशी राहून राहिल्या?" राजश्री म्हणाली.

"सुई टोचायची म्हणजे उपाशीच राहा लागते. रक्त तपासायला नव्हतो का गेलो? मी तर चहापण नाही घेतला."

अहो, ती सुई वेगळी, ही वेगळी! इथे उपाशी पोटी चक्कर येते, हे मी इतक्या वर्षांत शंभरदा ऐकलं होतं. पण कापूस कोंबलेल्या घंटीचं कोण ऐकतो?

दार उघडंच होतं; आत डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, गोळ्या कोणत्या चालू आहेत ते लिहून घेतलं. मग विचारलं, "माताजी, खाली पेट तो नहीं आई हैं न?"

"हो जी," सुहासिनीबाई मोठ्या अभिमानाने म्हणाल्या.

त्यांच्या मनात होतं, हो, खाली पेट, म्हणजे उपाशीच आले. डॉक्टरांना वाटलं, हो, म्हणजे खाऊनच आल्या. एका 'हो'ने घात केला, मित्रांनो.

डॉक्टरांनी नवं पाकीट फोडलं. केसासारख्या बारीक सुया. एक हाताच्या पंजात, दोन खांद्यावर, एक गुडघ्याखाली. "दुखलं नाही जी, जड-जड वाटून राहिलं," बाई नवलाने म्हणाल्या. "वही होना चाहिए," डॉक्टर म्हणाले. बटण बंद होतं, म्हणून त्यांनी बाहेर येऊन फळीवरून मला उचललं आणि बाईंच्या डाव्या हातात दिलं. "कुछ भी लगे तो बजा दीजिए." आणि ते गेले. मला वाजवून कोणी पाहिलंच नाही.

पाच मिनिटं बरी गेली. मग त्यांचा तळवा गार पडला आणि घामाने चिंब झाला. श्वास भरभर व्हायला लागला. त्यांनी मला हलवलं. आवाज नाही. पुन्हा हलवलं, जोरात. कापूसच तो, हूं की चूं नाही. ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली. बाहेर ऑटोवाले भोंगे वाजवत होते. मला माझीच लाज वाटली. ज्या एका कामासाठी जन्म झाला, तेच मला येत नव्हतं.

त्यांची बोटं सैल पडली, आणि मी खाटेवरून थेट फरशीवर आदळले.

ठण्ण!

लोलक नाही वाजला, माझं सगळं अंग वाजलं. काठाला हा एवढा पोचा पडला. डॉक्टर धावत आले. भराभर सुया काढल्या, पायांखाली उशी ठेवली. बाईंनी डोळे उघडले, नीट बोलायला लागल्या, तेव्हा राजश्रीने त्या उपाशी आल्याचं सांगितलं आणि त्यांना साखरपाणी पाजलं.

"आपने तो हाँ कहा था," डॉक्टर म्हणाले.

"मी हो म्हटलं. खाली पेट आहो म्हणून हो."

राजश्रीने हसत-रडत डॉक्टरांना त्या 'हो'चा अर्थ समजावला. केतनभैयाने मला उचललं, पोटातला कापूस काढला आणि मान खाली घातली. "गलती मेरी भी है," डॉक्टर म्हणाले, "मैंने बजाकर नहीं देखा."

आठ दिवसांनी सुहासिनीबाई पोहे खाऊन आल्या. लाइट होती, बटणही चालू होतं. पण त्या म्हणाल्या, "मला ती पोच्यावालीच द्या." हातात घेऊन त्यांनी मला आधी दोनदा वाजवलं, आणि मगच निवांत आडव्या झाल्या. माझा आवाज आता थोडा घोगरा आहे. गोड कोणी म्हणत नाही.

मित्रांनो, कोणाच्या हातात आधार म्हणून काही द्याल, तर आधी ते वाजवून बघा. आणि कोणी 'हो' म्हणालं, तर ते कशाला हो म्हणालं, एवढं नक्की विचारा.