नारिंगी व्हॅनची मंगळवारची फेरी

दार जरा जोरात ओढा, नाहीतर लागत नाही. हं, लागलं. मी एक व्हॅन बोलतेय. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या लार्च रिव्हर गावात मला न ओळखणारा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि त्यात माझं कौतुक काही नाही. माझा रंगच तसा आहे, गाजराने मान खाली घालावी असा.

जन्माने मी पांढरी. पहिली वर्षं विनिपेगच्या एका हॉटेलात गेली. पाहुण्यांना विमानतळावरून आणायचं आणि परत सोडायचं. माणसं घाईघाईने चढायची, फोनवर भांडायची आणि उतरताना हातमोजे विसरायची. माझ्याकडे कुणी धड बघितलंसुद्धा नाही. मग हॉटेलाला नवी गाडी हवी झाली, आणि मी लार्च रिव्हरच्या 'सोबत' या संस्थेच्या दारात येऊन उभी राहिले.

ज्यांचं मन दुखणाईत आहे, त्यांना डॉक्टरकडे, दुकानात, गप्पांच्या गटाला न्यायचं, हे माझं नवं काम. इथे सगळे हौसेने राबणारे. पगार कुणालाच नाही. मला तेवढं पेट्रोल मिळायचं, आणि थंडीत इंजिन गोठू नये म्हणून नाकात हीटरची वायर.

माझा चालक ओरेस्ट कोवालचुक. आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, आणि बोलघेवडा किती, तर लाल सिग्नललाही हवापाणी विचारील. पोरांना ओरडून गप्प बसवण्यात त्याची हयात गेली, आणि संस्थेने त्याला शिकवलं काय, तर गप्प तुम्ही बसायचं. सल्ला द्यायचा नाही. "सगळं ठीक होईल" असं म्हणायचं नाही. गाडी चालवायची. पहिला महिनाभर तो असा मूग गिळून बसायचा की मला त्याचीच काळजी वाटायची.

पण त्या गप्प बसण्यात जादू होती. गाडीत दोघं पुढे बघत असतात, कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. समोरासमोर जे ओठावर येत नाही, ते शेजारी बसून सहज येतं. मी किती ऐकलं म्हणून सांगू!

मंगळवार असायचा व्हर्ना डिकचा. पंचवीस वर्षं गावच्या हॉलमध्ये ऑक्टोबरच्या गावजेवणाला टर्कीबरोबरची ग्रेव्ही व्हर्नाच करायची. मग एक दिवस दुकानाच्या रांगेत तिची छाती धडधडली, श्वास कोंडला, हातातली टोपली तशीच टाकून ती घरी पळाली. दोन वर्षं झाली, उंबरा ओलांडला नव्हता. "मला या ऑक्टोबरला हॉलमध्ये जाऊन ग्रेव्ही ढवळायचीय," तिने संस्थेला फोनवर सांगितलं होतं. "बाकी काही नको."

पहिल्या मंगळवारी ती सपाता घालून माझ्या पुढच्या सीटवर बसली. दार उघडंच. इंजिन बंद. ओरेस्ट म्हणाला, "आज कुठेच जायचं नाहीये. मलाही पाठीला जरा आराम."

"तुम्ही भाडं कसलं घेणार? खुर्ची म्हणून?" व्हर्ना म्हणाली, आणि मला कळलं, बाई खमकी आहे.

पुढच्या खेपेला दार लावलं. मग इंजिन सुरू केलं. मग कोपऱ्यापर्यंत गेलो आणि मागे आलो. उन्हाळा संपता संपता आम्ही धान्याच्या कोठारापर्यंत जाऊन येत होतो. व्हर्ना दाराची मूठ घट्ट धरून बसायची, पण बसायची. हॉल तिथून चारच गल्ल्या पुढे.

आणि तेवढ्यात मार्लीन थोरव्हाल्डसनला उत्साह आला. मार्लीन संस्थेची अध्यक्ष. सोन्यासारखी बाई, पण एखादी गोष्ट मनात आली की ती झालीच समजा. तिच्या भाच्याचं रंगाचं दुकान. त्याने मला चार दिवस ठेवून घेतलं, आणि बाहेर आले ती नारिंगी होऊन, दोन्ही अंगांवर हातभर अक्षरांत: 'मनाचा आजार? लाजू नका, आमच्याबरोबर चला!'

मार्लीनने टाळ्या वाजवल्या. मीही फुशारले, खोटं कशाला बोलू.

पण करायला गेली गणपती आणि झाला मारुती! दोन हजार वस्तीचं गाव. इथे कुणी नवा पडदा लावला तरी चर्चमध्ये चर्चा होते. आता माझ्यात बसणं म्हणजे दवंडी पिटणं. एकजण म्हणाला, "घरासमोर नको, कोठारामागे थांबा." दुसरी मागच्या सीटवर आडवी झाली, बाहेरून दिसू नये म्हणून. आणि मंगळवारी व्हर्नाने खिडकीतून मला बघितलं आणि दार उघडलंच नाही.

ओरेस्ट तावातावाने मार्लीनकडे गेला. "तो रंग खरवडून काढा!"

"लाज बाळगायची नाही हे शिकवायलाच तर आपण संस्था काढली ना?"

"मग तुम्ही बसा की एकदा. चला, दुकानापर्यंत सोडतो."

"बसते की! मला काय भीती?"

ती ऐटीत बसली. मुख्य रस्त्यावर बँकेसमोर शेजारीण उभी होती. तिने आधी माझ्या पोटावरची अक्षरं वाचली, मग मार्लीनकडे बघितलं, आणि चेहरा असा केला की जणू प्रेतयात्राच चाललीय. मार्लीनने झटकन काच खाली केली आणि ओरडली, "अगं, मी नुसती कामाला आहे हं इथे! मला काही झालेलं नाही!"

मग काच वर केली. कान लाल झाले होते. शेवटी म्हणाली, "ओरेस्ट, मी काय बोलले, ऐकलंत ना?"

"मला बोलायची मनाई आहे," ओरेस्ट म्हणाला.

रंग काही खरवडला नाही. मार्लीनने दुसरीच शक्कल काढली. माझ्यात फक्त दुखणाईत बसतात, म्हणून बोभाटा. मग सगळ्यांनाच बसवू! दुसऱ्या दिवसापासून तिने गावाला वेठीस धरलं. आईस हॉकीची पोरं घामट सामानासकट माझ्यात. पाद्रीबाबा माझ्यात. नगराध्यक्ष केस कापायला माझ्यातून गेले आणि चकचकीत होऊन माझ्यातूनच आले. बँकेसमोरच्या त्या शेजारणीलाही बटाट्याच्या पोत्यासह घरी सोडलं. महिन्याभरात कोण कशासाठी बसलंय, हे ओळखायची सोयच उरली नाही.

गावजेवणाच्या आदल्या दिवशी व्हर्नाचा फोन आला. "नगराध्यक्ष झाले, पाद्री झाले. आता माझा नंबर कधी?"

रविवारी ती आली. अंगात चांगला कोट, मांडीवर स्वतःचा लाकडी चमचा. कोठार गेलं. एक गल्ली, दुसरी गल्ली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. ओरेस्ट बैलगाडीच्या वेगाने चालवत होता, आणि मीसुद्धा एक खड्डा लागू दिला नाही.

हॉलच्या दारात हेझल उभी होती. व्हर्ना घरी बसल्यापासून ग्रेव्ही हिच्याकडे होती, आणि हिची जीभ गावात प्रसिद्ध.

"अगंबाई, व्हर्ना! तूपण आता यांच्याबरोबर समाजसेवा करतेस वाटतं?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. गावात कुणीही मान डोलावली असती. ओरेस्टने तर 'हो'साठी तोंड उघडलंही होतं.

"नाही गं," व्हर्ना म्हणाली. आवाज कापत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मी पेशंट आहे. मला घराबाहेर पडता येत नव्हतं. आज पडले."

हेझल गडबडली. मग म्हणाली, "ग्रेव्हीत गुठळ्या झाल्यात. बघतेस का?"

"बघू की," म्हणत व्हर्ना चमचा घेऊन आत गेली.

हेझल मात्र तिथेच राहिली. माझ्या दारावर हात ठेवून, दुसरीकडेच बघत, हळूच म्हणाली, "ओरेस्ट, मंगळवारी तुम्ही माझ्या घरावरून जाता ना?"

"जातो."

"थांबत जाल?"

ओरेस्टने फक्त मान डोलावली. मला त्याचा इतका अभिमान वाटला की हॉर्नच वाजला असता.

आता रस्त्यावरच्या मिठाने माझा पत्रा खाल्लाय. उद्या मला भंगारात नेतील, पण माझी तक्रार नाही. नवी गाडी आलीय आणि ती चालवायला चक्क हेझल बसणार आहे. गप्प बसायचं शिकतेय, बिचारीचा जीव मेटाकुटीला आलाय. व्हर्ना आणि हेझल, या दोघींचं मी एवढं सांगितलं, कारण त्या स्वतःच ते गावभर सांगत असतात. उद्याच्या फेरीला नव्या गाडीत हेझलच्या शेजारच्या सीटवर कोण बसणार, हे मला ठाऊक आहे. पण ते त्या माणसाला हवं तेव्हा, हवं तर, तोच सांगेल. तुम्ही मात्र विचारू नका.