माझ्या नावाचा पाव वळसा

मिस्त्रींची एक खोड होती. नट पुरता आवळून झाला की पाना काढायच्या आधी ते आणखी पाव वळसा देत आणि म्हणत, "हा माझ्या नावाचा." तीस वर्षं हे चाललं होतं, आणि तीस वर्षांत त्यांचा एक जोड कुठे फुसफुसला नव्हता. त्यामुळे त्यांना बोलायची कुणाची टाप नव्हती, एक सून सोडून. ती रीतसर परीक्षा देऊन या धंद्यात आली होती आणि सासऱ्यांबरोबरच कामावर जायची. तिच्याकडे लांब दांड्याचा एक पाना होता. ठरलेला जोर झाला की तो टक् करी. मिस्त्री त्याला खुळखुळा म्हणत.

"खुळखुळा लहान पोरांना द्यावा, सूनबाई."

"मोठ्यांनाही देतात, बाबा. हट्ट फार केला तर."

त्या दिवशी काम होतं एका ग्रंथपाल बाईंकडे. त्यांच्या आईची खोली गरम राहावी म्हणून हीट पंप बसवायचा होता: एक यंत्र खोलीत, एक बाहेर, मधे गॅसच्या तांब्याच्या नळ्या. आजी अंथरुणाला खिळलेल्या, आणि थंडीपायी खिडक्या महिनोन्‌महिने बंद. कामापुरतं त्यांना बाहेरच्या खोलीत हलवलं होतं. तिथून त्या दर थोड्या वेळानं विचारत, "झालं का रे?"

सुनेनं सकाळीच बजावलं होतं. "नळ्यांत भरायचा गॅस नवा आहे, बाबा. वास येत नाही, आणि बंद खोलीत साचला तर पेटूही शकतो. आतले जोड तुम्ही करा, बाहेरचे मी करते. पण पाना माझा वापरा."

"बरं बरं," मिस्त्री म्हणाले, आणि तिची पाठ वळताच पिशवीतून आपला जुना पाना काढला.

आता खरं काय ते सांगायलाच हवं. मिस्त्रींच्या बोटांतली जाणीव वर्षभरापासून कमी होत चालली होती. मधुमेह जुना. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही येईनाशा झाल्या. परवा त्यांनी चहाचं पातेलं नुसत्या हातानं उतरवलं, आणि भाजलंय हे कातडी लाल झाल्यावर कळलं. घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. हातच गेला तर आपण मिस्त्री कसले, आणि मिस्त्री नसलो तर दिवसभर करायचं काय, या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती. तांबं मऊ असतं. नळीचं फाकवलेलं तोंड नटाखाली कुठवर दबलं, हे पूर्वी बोटंच सांगत. आता बोटं काही सांगत नव्हती आणि पाव वळसा मात्र चालूच होता.

जोड झाले. गॅस सोडायच्या आधी नळीत नायट्रोजन दाबून भरायचा आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा उतरतो का ते बघायचं, अशी रीत. गेज बाहेर, भिंतीपलीकडे. दोघं जेवून आले तर काटा खाली उतरलेला.

"कुठंतरी गळतंय," सून म्हणाली आणि आधी आपल्याच जोडांना साबणाचा फेस लावत बसली. सासऱ्यांचा संशय तिला आलासुद्धा नाही. मिस्त्रींना ते फार लागलं.

ते आत गेले. ब्रशनं फेस लावला. जाड नळीच्या नटाखाली बारीक बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला.

त्यांनी पाना लावून नट आणखी आवळला. बुडबुडे थांबले. मग फडक्यानं फेस पुसून टाकला.

"बाबा, काटा थांबला की," बाहेरून सून म्हणाली. "माझे जोड कोरडे आहेत. गारठ्यानं दाब उतरला असेल. अर्धा तास बघते, टिकला तर व्हॅक्यूम पंपानं नळ्या रिकाम्या करून गॅस सोडू."

मिस्त्री रिकाम्या पलंगाकडे बघत राहिले. उशी भिंतीला लागून होती, आणि भिंतीवर बरोबर तिच्या वर तो नट. अर्धा तास टिकेल, आठवडाही टिकेल. मग यंत्राच्या थरथरीनं जोड कधीतरी सुटेल. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"झालं का रे?" बाहेरच्या खोलीतून आजी म्हणाल्या.

"नाही, आजी. नाही झालं."

ते बाहेर गेले. "दाब सोड. आतला जाड नट गळत होता. मी आत्ता आवळलाय."

सून वळली. "आत दाब असताना पाना लावलात?"

"लावला."

"नट उडून तोंडावर आला असता, बाबा. तुम्हाला मी सांगायला हवं का हे?" लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्यावर पहिल्यांदाच अशी चिडली होती.

तिनं दाब सोडला, आत जाऊन नट काढला. नळीचं तोंड दबून दबून पापुद्र्याइतकं झालं होतं आणि एका बाजूला केसाएवढी चीर. ती कितीतरी वेळ ते निरखत राहिली.

"हे तुमच्या हातचं नाही, बाबा."

"माझ्याच हातचं आहे गं. हातच तो राहिला नाही." मग मुंग्या, पातेलं, वर्षभर लपवलेलं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

तिनं चिरलेलं तोंड कापलं, कडा घासली, कीस आत पडू नये म्हणून नळी खाली वाकवून झटकली आणि तोंड फाकवायचं अवजार लावलं.

"नट," मिस्त्री म्हणाले.

नट टेबलावरच होता. तो आधी नळीत ओवायचा असतो, नाहीतर तोंड फाकवल्यावर जातच नाही. शिकाऊ माणसाची चूक. सुनेला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

नवं तोंड नीट बसलं. तिनं नट हातानं फिरवून लावला आणि आपला पाना त्यांच्यापुढे धरला.

"मी? अजूनही?"

"कानांना तर काही झालं नाही ना? टक् झालं की थांबायचं. थांबणार असाल तरच उद्या कामावर. आणि सकाळी आधी डॉक्टर."

दुसऱ्या पान्यानं तिनं जोड धरून ठेवला. मिस्त्रींनी दांडा ओढला. टक्. हात तिथेच अडून राहिला. तीस वर्षांची सवय, त्याला आणखी पाव वळसा हवा होता. मिस्त्रींनी एकेक बोट सोडवत पाना खाली ठेवला.

मग पिशवीतून आपला जुना पाना काढून त्यांनी तिच्या पेटीत टाकला, आणि पुन्हा दाब भरल्यावर बाहेर जाऊन काट्यासमोर बसले.