धुऱ्याखालचं पाणी

तिगावचे पुंडलिकराव सरकारी दौऱ्यावर आठ दिवस स्पेनला जाऊन आले, आणि तेव्हापासून तिगावची हवा त्यांना मानवेना. पांढुर्ण्याच्या मंडीत गेले तरी स्पेन, कोणाच्या मयतीला गेले तरी स्पेन. "तिकडं एकरी आपल्या तिप्पट संत्रा निंगते, बाप्पा! आपल्याइथं काहून निंगत नाही?" असं ते विचारत आणि समोरचा तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देत. माती, रोपं, यंत्रं, सरकार, मजुरांचा आळस. कारणांचं पीक त्यांच्याकडे बारमाही होतं, संत्र्याचं तेवढं नव्हतं.

बाग दिसायला मात्र देखणी. रस्त्यानं जाणारा थांबून पाहायचा. पण तीन वर्षं त्या बागेनं पानांशिवाय काही दिलं नव्हतं. "औंदा बहार हुकला तं मी झाडं तोडून कापसाची पऱ्हाटी लावते," असं देवकाबाईंनी नवऱ्याला साफ सांगून टाकलं होतं. पुंडलिकरावांनी ती झाडं स्वतःच्या हातानं लावलेली. त्यांचा जीव त्यांत अडकला होता.

संत्र्याची तऱ्हाच अशी, की फुलवायचं तर आधी तहानेनं मारावं लागतं. त्याला ताण म्हणतात. डिसेंबरात पाणी बंद करायचं, झाड कासावीस होऊ द्यायचं, आणि जानेवारी सरता सरता पाणी सोडलं की ते फुलांनी लदबदतं. हा आंब्या बहार. पुंडलिकराव दर डिसेंबरात इमानदारीनं पाणी तोडायचे. पण धुऱ्यापलीकडे, बांधाच्या त्या अंगाला, त्यांचा धाकटा भाऊ, भगवंतराव. त्याला पावसाळ्यातला मृग बहार हवा. म्हणून त्याचा ताण उन्हाळ्यात, आणि डिसेंबरात हा पठ्ठ्या धो धो पाणी सोडणार. वाटणीत बाग उभी चिरलेली, दोघांच्याही पट्ट्या चिंचोळ्या, जमीन मुरमाड. हिवाळ्यात त्याचं पाणी धुऱ्याखालून इकडे झिरपायचं, उन्हाळ्यात यांचं तिकडे. झाडांना कसला आलाय ताण? तो सगळा भावांच्या वाट्याला.

दोघांनी मिळून एकच बहार धरला असता तर भागलं असतं की नाही? पण त्यासाठी बोलावं लागतं. आणि बोलणं कधीचंच बंद, कारण कोणाचा तरी वखर वीतभर धुऱ्यात घुसला होता. कोणाचा, याबद्दल दोघांचीही पक्की खात्री आहे. त्या वीतभर जागेत अजून तरोट्याचं तणच उगवतं.

गंमत म्हणजे स्पेनमध्येही असेच दोन भाऊ भेटले होते, एकमेकांचं तोंड न पाहणारे. पण पाणी कधी सोडायचं नि कधी थांबवायचं, हे तिथं बागवाले सगळे बसून ठरवत, भाऊ भांडोत की नाचोत. पुंडलिकरावांनी दुभाष्याकडून हे दोनदा ऐकून घेतलं होतं. भाषणात मात्र कधी घेतलं नाही.

डिसेंबर लागला आणि सौंसरच्या मंगल कार्यालयात शेतकरी मेळावा भरला. विषय, 'परदेशात उत्पादन जास्त का?' वक्ते कोण, तर आपले पुंडलिकराव! गळ्यात हार घालून ते मातीपासून निघाले, बियाण्यावरून सरकारवर आले, तेवढ्यात पहिल्या रांगेत भगवंतराव दिसला आणि जीभ अडखळली.

प्रश्नांची वेळ आली तसा भगवंतराव उठला. भावाकडे न पाहता माईकवाल्या हेमराजला म्हणाला, "हेमराजभाऊ, पाहुण्याईले इचारा. तिकडं बगिच्याले बगिचा लागून असला, अन् एकाले ताण द्याचा असला, तं शेजारचा काय करते?"

तिगावच्या माणसांना प्रश्नाचा रोख लगेच कळला. पुंडलिकरावांनाही कळलं. हा प्रश्न नव्हता, भावानं हात पुढे केला होता. 'शेजारचा पाणी थांबवते, भगवंता. आपण बसून ठरवू,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण गळ्यात हार, समोर एवढा समाज, आणि विचारलं कसं, तर हेमराजच्या आडून! मोठा भाऊ कोण आहे शेवटी?

"असं आहे," ते घसा खाकरून म्हणाले, "तिकडं जमिनीतच यंत्र बसवतेत. मुळाले किती पाणी लागून राहिलं, ते मोबाईलवर दिसते. आपले लोक अजून तेवढे पुढारले नाहीत."

टाळ्या पडल्या. भगवंतराव पुन्हा बसला नाही. चपला घालून सरळ निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पलीकडची मोटर सुरू झाली. पुंडलिकराव धावत धुऱ्यावर गेले. भगवंता पाणी वळवत होता, साधी हाक ऐकू जाईल इतका जवळ. हाक मारावी असं त्यांना फार वाटलं. कालची लाज वाटली, डोळे भरून आले. आणि त्यांनी काय केलं? खिशातून फोन काढून कृषी विभागातल्या साहेबांना लावला. "साहेब, ते मुळाचं पाणी मोजाचं यंत्र सबसिडीत भेटते काय?"

मागे देवकाबाई येऊन उभ्या होत्या. "तुमचे पाय चिखलात रुतून राहिले," त्या म्हणाल्या, "अजून काय मोजता? हाक मारता, का झाडं तोडाले नत्थूजीले आरी घेऊन बोलावू?"

पुंडलिकरावांनी हातानंच त्यांना थांबायला सांगितलं. साहेब फोनवर विचारत होते, शेजाऱ्याचं पाणी वगैरे येतं का?

"नाही साहेब," पुंडलिकराव म्हणाले, "शेजारी आपला भाऊच आहे."

देवकाबाई नत्थूजीच्या घराकडे चालू लागल्या.