सहा पाटल्यांची ओळ

मी एक याद आहे. लग्न ठरलं की दोन्हीकडची वडील माणसं सतरंजीवर बसतात, कोण काय देणार, कोण काय करणार ते लिहून काढतात, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात आणि खाली सह्या करतात. तो कागद म्हणजे मी. लग्न पार पडलं की माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. माझी आठवण होते ती लग्न मोडलं की. माझ्यावर ती वेळ आली, म्हणून बोलायला बसले आहे.

माझा जन्म १९८६ सालचा, बेंगळूरमधल्या एका जुन्या मराठी घरातला. मला लिहिलं गुंडोपंतांनी, म्हणजे खुद्द नवरीच्या वडिलांनी. हयातभर सब-रजिस्ट्रार कचेरीबाहेर बसून लोकांची खरेदीखतं आणि गहाणखतं लिहिण्याचा त्यांचा धंदा होता. अक्षर असं की वाचणारा मजकूर विसरून अक्षरच बघत बसे. त्यांच्या गोतावळ्यात कुणाचंही लग्न ठरो, याद लिहायला बोलावणं त्यांनाच यायचं. "जे लिहिलं नाही ते झालंच नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते ऐकून ऐकून लोक कंटाळले होते.

त्या दिवशी त्यांनी एका बैठकीत दोन याद्या लिहिल्या, शब्दाला शब्द सारख्या. मुलीकडची ती मी. मुलाकडची ती माझी जुळी बहीण. तिला मुलाचे वडील आप्पाजी घडी घालून हेब्बाळला आपल्या घरी घेऊन गेले. मुलाचं नाव रविकिरण, इंजिनियर. मुलगी अनुसूया, गुंडोपंतांची एकुलती एक.

चंद्रहार, चांदीचं ताट, तांब्याचा हंडा करता करता अकरा ओळी झाल्या. गुंडोपंतांनी पेन वर धरून आतल्या दाराकडे बघितलं.

"अगं, पाटल्यांचं काय? लिहू ना?"

दारात अनुसूयेची आई उभी होती. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं. आपल्या हातातल्या सहा पाटल्या ती लेकीला घालणार होती, जशा तिच्या आईनं तिला घातल्या होत्या.

"आईनं लेकीच्या हातात घातलेलं कागदावर घालत नाहीत," अक्का म्हणाली. "लिहिलं की त्याचं देणंघेणं होतं. आमच्यात नाही तसलं."

"मी दस्त लिहिणारा माणूस आहे."

"ते कचेरीत. घरात सरी म्हणा."

गुंडोपंत 'सरी', म्हणजे कानडीत 'बरं', म्हणाले आणि पेनला टोपण घातलं. माझी खालची चार बोटं जागा कोरी राहिली. कुणाच्या तरी बोटावरची हळद तेवढी तिथं सांडली आणि तिचा डाग पडला.

पुढची कित्येक वर्षं मी अक्काच्या पेटीत, साड्यांच्या तळाशी, डांबरगोळ्यांच्या वासात पडून होते. रविकिरण अमेरिकेला गेला. मागोमाग अनुसूया गेली, हातात सहा पाटल्या घालून. त्या दोघांनी न्यू जर्सीत घर घेतल्याचं मी पेटीतूनच ऐकलं. गुंडोपंतांनी गल्लीभर पेढे वाटले.

त्र्याण्णव साली अक्का अंथरुणाला खिळली तेव्हा अनुसूया आली. पेटी खाटेशेजारीच होती. आईचा हात धरायला तिनं हात पुढे केला आणि अक्काची नजर तिच्या मनगटावर गेली.

"पाटल्या कुठं आहेत, अनू?"

"घरात घातल्या, अम्मा. पहिली रक्कम भरायला कमी पडत होतं. हे म्हणाले, घर म्हणजे पाटल्याच की, फक्त मोठ्या."

"घर कुणाच्या नावावर?"

"त्यांच्या. माझं नाव घातलं तर कर्जाला अडचण येते म्हणाले."

अक्कानं भिंतीकडे तोंड केलं. त्याच आठवड्यात ती गेली. जाताना तिला काय वाटलं असेल ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण तेच मला आजवर वाटत आलं आहे: ती ओळ लिहायला हवी होती.

आणखी तीन वर्षांनी अनुसूया एक बॅग घेऊन कायमची परत आली, आणि तिच्या पाठोपाठ रविकिरणच्या वकिलाची नोटीस. त्याला घटस्फोट हवा होता. तिच्याजवळ ना स्वतःचं घर होतं, ना दागिना. गुंडोपंतांचं घरही भाड्याचं. माणसानं उभ्या आयुष्यात दुसऱ्यांची हजारो खरेदीखतं लिहिली, स्वतःचं एक नाही. अनुसूया एका बालवाडीत शिकवायला जाऊ लागली. अण्णांच्या, म्हणजे बापाच्या, माघारी आपण राहायचं कुठं, हा प्रश्न तिनं कधी मोठ्यानं विचारला नाही. पण घरात तो रोज जेवायला बसायचा.

वकील मिळाले ते प्रतापराव, नात्यातले आणि सरळ माणूस. त्यांनी विचारलं, "लग्नाची याद आहे का?" आणि दहा वर्षांनी मला उजेड दिसला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"हे बघ, अनुसूया," प्रतापराव म्हणाले, "तिकडच्या घरापर्यंत इथल्या कोर्टाचा हात पोचणं कठीण आहे. पण इथं येलहंक्याला एक मोकळी जागा रविकिरणच्या नावावर आहे आणि आप्पाजी मुखत्यारपत्र घेऊन ती विकायच्या घाईत आहेत. तुझं स्त्रीधन तिकडच्या घरात गेलं हे दाखवता आलं, तर निकालापर्यंत ही जागा आपण थांबवू शकतो. तुझी भरपाई व्हायची तर ती याच जागेतून."

"दोन खोल्या झाल्या तरी पुरे," अनुसूया म्हणाली.

मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं. "यात पाटल्या नाहीत."

गुंडोपंतांचा चेहरा उतरला. लग्नाच्या फोटोत पाटल्या दिसतात, असं ते चाचरत म्हणाले.

"फोटोत हात दिसतो, अण्णा. मालकी दिसत नाही. त्या तेवढ्यापुरत्या घातल्या होत्या, असं ते म्हणणार. असू दे. तुम्ही साक्षीला उभे राहा आणि अक्का काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगा. तुमच्यासारख्या माणसाचं बोलणं न्यायाधीश ऐकून घेतात. कागद आहे तसा राहू दे. तारखेला जपून घेऊन या."

कागद आहे तसा राहू दे. सरळ, सोपं वाक्य होतं.

तारखेच्या महिनाभर आधीची गोष्ट. दुपारची वेळ, अनुसूया शाळेत गेली होती. गुंडोपंतांनी मला पेटीतून काढून चौरंगावर पसरलं. जुनं पेन धुतलं, निळ्याकाळ्या शाईची बाटली उघडली. मी काय करणार? कागदाला आपली घडी आपल्याला घालता येत नाही. आप्पाजींकडच्या प्रतीची त्यांना आठवण नव्हती असं नाही. पण दहा-अकरा वर्षांपूर्वीचा कागद कोण जपतं, कधीच बंबात गेला असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

कोऱ्या जागेत त्यांनी बारावी ओळ लिहिली: 'आईकडून सोन्याच्या पाटल्या सहा.' अक्षर तेच, जुनं, देखणं. हळदीच्या डागावर मात्र शाई फुटली. त्यांनी फुंकर घालून मला वाळवलं आणि अक्काच्या फोटोकडे बघितलं.

"आता लिहिलं गं," ते म्हणाले.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, ते हेच. पण त्यांचा मला राग येत नाही. मुलीचं घर एका ओळीवाचून जात होतं, आणि ती ओळ लिहायची कला त्या म्हाताऱ्याच्या बोटांत होती. हात कसा आवरणार?

तारखेला प्रतापरावांनी मला न उघडताच पुढे केलं. एकदा वाचलेला कागद पुन्हा कोण वाचतं? तेवढ्यात आप्पाजींच्या वकिलानं आपल्या पिशवीतून एक घडी काढली.

ती माझी बहीण होती. त्या बैठकीनंतर आम्ही पहिल्यांदा भेटलो, न्यायाधीशांच्या टेबलावर, शेजारी शेजारी. तेच अक्षर, तेच कुंकू, त्याच सह्या. तिच्यावर अकरा ओळी, माझ्यावर बारा. ती बिचारी काहीच बोलली नाही, नुसती पडून राहिली, आणि तेवढ्यानं माझा निकाल लागला.

"ही शेवटची ओळ केव्हा लिहिली?" न्यायाधीशांनी विचारलं.

पिंजऱ्यातले गुंडोपंत कठड्याला धरून उभे होते. "ओळ खरी आहे, साहेब."

"केव्हा लिहिली ते विचारतोय."

गुंडोपंतांनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलले असते तर कदाचित आणखी एक तारीख मिळाली असती. पण तो माणूस लिहिताना चुकला होता, बोलताना चुकला नाही.

"गेल्या महिन्यात," ते म्हणाले.

आप्पाजी समोरच्या बाकावर होते. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला त्याच पाटल्या घातलेल्या हातांनी अनुसूयेनं त्यांना वाढलं होतं. त्यांनी मान खाली घातली, पण तोंड उघडलं नाही.

हात दाखवून अवलक्षण झालं. बारावीबरोबर माझ्यावरचा विश्वासही गेला आणि गुंडोपंतांच्या साक्षीवरचाही. जागा थांबवायला कोर्टानं नकार दिला. पंधरा दिवसांत ती एका बिल्डरला विकली गेली, आणि घटस्फोटही पुढे रीतसर झाला. आप्पाजींनी तांब्याचा हंडा आणि चांदीचं ताट आपणहून रिक्षानं पाठवून दिलं. चंद्रहाराबद्दल कुणी काही बोललं नाही.

"अण्णा, मी म्हटलं होतं ना," एवढंच प्रतापराव म्हणाले. कोर्टातून घरी आल्यावर अनुसूयेनं रिक्षावाल्याला थांबवलं, बापाच्या कोपराला धरलं आणि म्हणाली, "अण्णा, स्वल्प सावकाश उतरा."

आता एकोणिसशे नव्व्याण्णव चालू आहे. पाठीवर कोर्टाचा शिक्का घेऊन मी परत त्याच पेटीत आले आहे. गुंडोपंत अंथरुणावर आहेत. गेल्या महिन्यात शेजारच्या घरचे लोक याद लिहायला बोलवायला आले होते. गुंडोपंतांनी पेन अनुसूयेच्या हातात दिलं. नवऱ्यानं सोडलेल्या बाईनं याद लिहायची म्हणून ते लोक घुटमळले, पण अखेर कागद पुढे ठेवला. तिनं आधी नवरीच्या आईला विचारलं, "तुम्ही काय घालणार आहात लेकीला?" ती लाजून म्हणाली, "ते कशाला लिहायचं?" अनुसूयेनं ते सगळ्यांत वर लिहिलं.

माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरी याद होईल तेव्हा आईनं दिलेलं आधी लिहा. मायेला कागद लागत नाही हे मलाही ठाऊक आहे. कागद लागतो तो माया संपल्यावर, आणि तेव्हा तो लिहिता येत नाही.

गुंडोपंत अजून रोज मला पेटीतून काढायला लावतात. चष्मा लावून खालची फुटलेली ओळ बघतात आणि विचारतात, "अनू, ही खरी होती ना?"

"खरी होती, अण्णा."

मग ते मला घडी घालून तिच्याकडे देतात. माझ्यावर बारा ओळी आहेत, आणि बाराही खऱ्या आहेत. अकरा वेळेवर लिहिल्या होत्या.