माझ्या पोटातलं तेल

मित्रांनो, मी एक जुनी जीप. गोरेगाव ते सेनगाव आणि सेनगाव ते हिंगोली ही माझी रोजची वाट. साखऱ्याजवळच्या तांड्यावरचे वसरामभाऊ माझे मालक आणि तेच चालक. माझं वय विचाराल तर मला धड सांगता यायचं नाही. त्याहून मोठी पंचाईत म्हणजे माझ्याच पोटात कोणतं तेल असावं, हेही मला ठाऊक नव्हतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा अंग कसं चकचकीत होतं! बसायची जागा आठांची, बसायचे पंधरा, टपावर गाठोडी आणि मागे लटकलेले दोघे. तरी मी कधी कुरकुरले नाही. "वसरामची जीप म्हंजे घड्याळ हाय," असं लोक म्हणायचे आणि मी आपली फुगायचे.

मग वय झालं, मी इंजिनातलं तेल खाऊ लागले, ते वरचेवर कमी पडू लागलं आणि सगळा घोळ सुरू झाला. गोरेगावचा एक दुकानदार म्हणाला, "जुनी गाडी हाय, पन्नास नंबरचं दाट तेल टाका." टाकलं. डिसेंबरातल्या सकाळी ते असं घट्ट व्हायचं की स्टार्टर नुसता कण्हायचा. वसरामभाऊ कपाळाला हात लावून बसायचे.

तेवढ्यात पुण्याहून जावई आले, प्रेमदास. सासऱ्याच्या गाडीला आहेर म्हणून तेलाचा भारी डबा घेऊन आले! "मामा, शून्य डब्ल्यू वीस, एकदम पातळ तेल. नव्या मोटारीत हेच टाकतेत." जावयाचा आहेर, नाही कसं म्हणणार? थंडीत मी एका हाकेत सुरू होऊ लागले. वाटलं, सुटले एकदाची. पण चैत्रात हिंगोलीच्या रस्त्यावर ते तेल तापून पाण्यासारखं झालं. ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला, पोटात ठकठक सुरू झाली. अगं बाई, हे काय झालं मला? दाट घातलं तरी त्रास, पातळ घातलं तरी त्रास. मी बिघडले होते की तेल? विचारू तरी कुणाला?

वसरामभाऊंना वाटलं, इंजिन गेलं. भंगारवाल्याला सोमवारचा शब्द दिला. मी गेले तर त्यांच्या हाताला दुसरं काम नव्हतं. घरात कुणी धड जेवेना.

शेवटचा उपाय म्हणून नरसीच्या मोहियोद्दीन मिस्त्रींना तांड्यावर बोलावलं. त्यांनी माझं तेल दोन बोटांत चोळून पाहिलं. "हे पाणी कुणी ओतलं, वसरामभाऊ? गाडीसोबत आलेलं पुस्तक कुठं हाय?"

वसरामभाऊ खाली बघत म्हणाले, "देव्हाऱ्यात."

खरंच की! दर दसऱ्याला मला हार घालायचे, तेव्हा त्या पुस्तकालाही हळदकुंकू लावून परत लाल फडक्यात बांधायचे. इतक्या वर्षांत ते कुणी उघडलं नव्हतं. वसरामभाऊंच्या बायको मिराबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "देवापुढचं पुस्तक तेलकट हातात द्यायची न्हाई मी. गाडीची लक्ष्मी हाय ती."

"भाबी, मंग सोमवारी गाडी जाऊ द्या," मिस्त्री हळूच म्हणाले.

मिराबाई दारातून बाजूला झाल्या. मग हात धुऊन आल्या आणि कुंकवानं चिकटलेली पानं त्यांनी स्वतःच एकेक करून सोडवली. मिस्त्रींनी हात पाठीमागे बांधले आणि वाकून वाचलं, "पंधरा डब्ल्यू चाळीस. पयला आकडा थंडीतला, दुसरा तापल्यावरचा. आपल्याकडच्या हवेला बराबर. हितंच तर लिहून हाय!"

नवं तेल पडलं, फिल्टर बदलला. लाल दिवा विझला. ठकठक मात्र थोडी राहिलीच. मिस्त्री म्हणाले, "जे घासलं ते घासलं. पण इंजिन मेलं न्हाई." सोमवारी भंगारवाला हात हलवत परत गेला.

मित्रांनो, त्या आकड्यांचं गणित मला अजून उमगत नाही. पण तुमच्या घरी गाडी असेल तर तिचं पुस्तक उघडा आणि तिला मानवेल तेच तेल घाला. डबा भारी आहे म्हणून ओतू नका, कुणी प्रेमानं आणला म्हणूनही ओतू नका.

पहिली फेरी निघताना मिराबाई आल्या. माझ्या बॉनेटवर हात ठेवला. डोळे भरले होते त्यांचे.

"बाई," त्या म्हणाल्या, "आमी तुला देव केलं, अन् तुझं कवाच ऐकलं न्हाई."